परसबागेची पेरणी माघातच व्हावी

मार्च उजाडला की शहरांतल्या रोपवाटिकांत गर्दी वाढते. काथ्याचा भुसा, गांडूळखत, कुंड्या आणि बियाण्यांची पाकिटे घेऊन माणसे उत्साहाने घरी येतात. पाकिटांवर टोमॅटो, ढोबळी मिरची, ब्रोकोली, गाजर यांची देखणी चित्रे असतात. पंधरवड्यात कोवळी रोपे वर येतात. एप्रिलच्या मध्यावर पाने कडेने करपू लागतात, फुले येतात आणि गळून जातात, मे संपेपर्यंत गच्चीत नुसती माती उरते. आपल्या हाताला झाड येत नाही, असे ठरवून अनेक जण तिथेच थांबतात. हाताला उगाच बोल लागतो. चुकलेली असते ती तारीख, आणि तारखेबरोबर पीकही.

मार्चची ही तारीख थंड देशांतली आहे. इंग्लंडमधला माणूस मार्चमध्ये खिडकीच्या काचेआड टोमॅटोचे बी टाकतो, कारण बाहेर दव गोठण्याची भीती असते. रोप बाहेर लावायला तो मे महिन्यापर्यंत थांबतो. न्यू जर्सीत राहणारी मराठी कुटुंबेही दुधी-कारल्याची रोपे एप्रिलभर घरात जपतात आणि मे महिन्यात अंगणात लावतात. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. महाराष्ट्रात दव गोठते ते महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी किंवा निफाडच्या शिवारात, आणि तेही डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या पहाटे. इथल्या भाजीला धास्ती असते ती एप्रिल-मे महिन्यांची. तिकडे थंडी कधी सरते हे पाहून पेरतात. इथे ऊन कधी चढते हे पाहून मागे मोजत यावे लागते.

हा हिशेब अवघड नाही. भेंडीची पहिली तोडणी पेरणीनंतर साधारण पन्नास दिवसांनी होते. काकडी आणि गवारही जवळपास तेवढेच दिवस घेतात, दुधीला दोन महिने लागतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली भेंडी मार्चअखेर काढायला येते आणि मुळे खोल गेल्यामुळे एप्रिलचे ऊन बऱ्यापैकी सोसते. तीच भेंडी वीस मार्चला पेरली तर फुलोरा ऐन मे महिन्यात सापडतो. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असतो, पण परसबागेचे बी त्याच्या दीड-दोन महिने आधी मातीत जायला हवे. ध्यानात ठेवायला सोपी खूण हवी असेल तर रथसप्तमी ते होळी हा काळ धरावा, आणि त्यातही पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही उन्हाळी वेलभाज्यांची लागवड जानेवारी-फेब्रुवारीपासूनच सुरू होते. शेतकऱ्याला ही गोष्ट ठाऊक असते. सोसायटीच्या गच्चीपर्यंत ती पोहोचलेली नाही.

वेलभाज्या लवकर पेरण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. काकडी, दुधी, दोडका, कारले, भोपळा या सर्वांना एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ आधीपासूनच दिसते. नर फूल नुसत्या देठावर असते. आधी नर फुले येतात, मागाहून मादी. त्यांचे प्रमाण मात्र हवामानावर ठरते. दिवस लहान आणि रात्री थंड असतील तर मादी फुले लवकर येतात, वेलाच्या खालच्या पेरांपासूनच धरतात. दिवस लांबले आणि उष्मा वाढला की नर फुलांचे पारडे जड होते. म्हणूनच मार्चअखेर पेरलेला कारल्याचा वेल मे महिन्यात पिवळ्या फुलांनी भरून जातो आणि कारले एक लागत नाही. 'वेल नुसता माजला' म्हणून घरोघरी तक्रार होते. त्यावर उपाय म्हणून युरिया किंवा शेणखताचा आणखी एक हप्ता दिला जातो, आणि नत्र वाढल्याने पाने अधिकच फोफावतात. हे सगळे टाळायला माघातली पेरणी पुरे होते.

मादी फूल आले तरी काम संपत नाही. त्याच्यावर नर फुलातले पराग पडावे लागतात. गावाकडे हे काम मधमाश्या आणि पतंग करतात. आठव्या मजल्यावरच्या गॅलरीत ते माणसालाच करावे लागते. नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा केसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा, इतके ते सोपे आहे. फक्त वेळ साधावी लागते. काकडी, कारले आणि भोपळ्याची फुले सकाळी उमलतात. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल उमलते ते संध्याकाळी, आणि पडवळाची झालरीसारखी फुले रात्री. सकाळी आठ वाजता दुधीच्या मावळत्या फुलाशी खटपट करून फळ धरत नाही. दुधीची भेट दिवेलागणीला घ्यावी.

टोमॅटोबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण घरच्या बागेत सर्वांत जास्त निराशा त्याच्यामुळेच पदरी पडते. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही हवा निवेनाशी झाली की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात, फुले देठासकट गळतात. घरच्या घरी टोमॅटो हवे असतील तर रोपे पावसाळ्याच्या अखेरीस करावीत. कोबी, फुलकोबी, गाजर, वाटाणा हेही थंडीचे सोबती आहेत. पालक दिवस लांबताच तुऱ्यावर येतो. कोथिंबीर कडेच्या सावलीत निघते, पण धणे चपलेने रगडून दोन फाका करून, रात्रभर भिजवून पेरावे लागतात आणि तुरा यायच्या आत कापणी उरकावी लागते. मेथी उन्हाळ्यात मोठी करण्याच्या फंदात पडूच नये. मुंबईच्या बाजारात वाळूसकट जुडीने मिळणारी समुद्रमेथी हे त्यावरचे उत्तम उत्तर आहे: दाट पेरलेली, दोन पानांवर उपटलेली. पसरट ट्रेमध्ये वाळू-माती घालून कोणालाही ती करता येते.

मग उन्हाळ्याची खरी पिके कोणती? भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, राजगिरा आणि साऱ्या वेलभाज्या. या पिकांना उगवायलाच ऊब लागते. मातीचे तापमान पंचवीस ते तीस अंशांच्या घरात असले की त्यांचे बी आठवड्याभरात वर येते. थंड मातीत ते कुजते. म्हणून एकच तारीख साऱ्या महाराष्ट्राला लागू होत नाही. कोकणात आणि गोव्यात रात्री उबदार असतात. तिथे भात कापल्यानंतर त्याच खाचरांत विहिरीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यावर वायंगणी भाजी करतात. तांबडी भाजी, मुळा, वांगी, चवळी यांचे वाफे तिथे संक्रांतीपूर्वीच हिरवे झालेले असतात. विदर्भात एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरणी संपवलेली बरी. पुणे-नाशिककडे फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही पहाटे गारठा असतो. तिथे बी घरात रुजवून घ्यावे आणि रात्री ऊब धरू लागल्या की बाहेर लावावे.

घरात रुजवायला नारळाची करवंटी झकास. तिच्या तळाला असलेल्या तीन डोळ्यांपैकी एक फोडला की पाणी निचरते. वेलभाज्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही, त्यामुळे एका करवंटीत एकच बी लावावे आणि दोन खरी पाने आली की मातीच्या गड्डीसह आळ्यात सोडावे. पानांचे द्रोण किंवा कागदी पेलेही चालतात. कारल्याच्या बीचे कवच टणक असते. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून, मटकीला मोड आणतो तसे उबेला ठेवले तर उगवण लवकर होते. पाकिटातले बी गुलाबी किंवा निळसर रंगाचे असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवू नये आणि हात साबणाने धुवावेत.

बी किती खोल पुरायचे? त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट. लाल माठाचे बी मोहरीहूनही बारीक. ते खोल गाडले तर वर येतच नाही. वाळूत किंवा राखेत मिसळून पृष्ठभागावर विस्कटावे आणि वरून चिमूटभर माती भुरभुरावी.

उगवल्यानंतर रोपे मरतात ती बहुतेकदा मायेने. दिवसातून तीनदा पाणी घातले की मातीच्या वरच्या थरात बुरशी वाढते, रोपाचा गळा सडतो आणि रात्रीत ते आडवे होते. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. माती बोटाने चाचपून, कोरडी लागली तरच पाणी द्यावे. सकाळी द्यावे. दाट उगवलेल्या रोपांची विरळणी करायला मन धजत नाही, पण ती करावीच लागते. एका आळ्यात दुधीचे दोन वेल ठेवून बाकीचे कापून टाकणाऱ्याच्या घरीच दुधी लागतो. काकडी-भोपळ्याची पहिली दोन दले लाल भुंगेरे चाळणीसारखी करून टाकतात. पहाटेच्या दवावर चुलीची राख भुरभुरणे हा त्यावरचा जुना उपाय आजही उपयोगी पडतो. गॅसच्या घरांत राख कुठली, हा प्रश्न रास्त आहे. तिथे रोप पहिले दोन आठवडे जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याखाली झाकावे आणि फुलोरा येण्याच्या आत ते काढून घ्यावे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मराठवाड्यात टँकरच्या खेपा मोजल्या जात असताना, पुण्या-मुंबईत पाणीकपात चालू असताना उन्हाळ्यात भाजी लावावी का? लावावी, पण थोडी आणि झाकून. उघड्या कुंडीतले पुष्कळसे पाणी उन्हात उडून जाते. पाचट, वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन-तीन इंचांचा थर मातीवर पसरला की ते थांबते. आळ्याच्या मधोमध बिनरोगणाचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून झाकण ठेवले की पाणी झिरपत झिरपत थेट मुळांपाशी जाते. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी तर प्रत्येक घरात रोज ओतून दिले जाते. ते एका बादलीत साठवले तर त्यात चार-पाच वेल निघतात. साबणाचे पाणी मात्र यात मिसळू देऊ नये. दुपारच्या उन्हासाठी पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी मार्चअखेर बांधावी. तीही नसेल तर जुनी सुती साडी चालते.

गच्चीवर माती चढवताना दुसरी काळजी घ्यावी लागते. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. म्हणजे दहा सेंटिमीटरचा थरही चौरस मीटरमागे दीडशे किलोंच्या वर जातो, आणि साध्या गच्चीचे आरेखन साधारण तेवढाच फिरता भार धरून केलेले असते. फूटभर मातीचे वाफे घालणे धोक्याचे आहे. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे, वाळका पाला आणि अगदी थोडी माती वापरून गच्चीवर भाजीपाला आणि फळे पिकवून दाखवली. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. घरातला कचरा, सूर्यप्रकाश आणि निरीक्षण एवढ्या भांडवलावर माणूस किती अन्न निर्माण करू शकतो, हे दाभोलकर आयुष्यभर मोजून दाखवत राहिले. आज हजारो रुपयांची तयार माती आणि लोखंडी सांगाडे विकत घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पुन्हा वळायला हवे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बागही याच विचारातून, स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर वाढली.

आता बियाण्याकडे यायला हवे, कारण तारीख पाळण्याची किल्ली तिथेच आहे. ज्याच्या फडताळात बी असते तो माघात पेरतो. ज्याला ते बाजारातून आणायचे असते तो दुकानात पाकिटे येण्याची वाट पाहतो, आणि जे येईल तेच लावतो.

पूर्वी प्रत्येक खेड्यात ही शिदोरी बायकांकडे असायची. दुधीचे पहिले जोमदार फळ वेलावरच राखायचे. ते वाळून खुळखुळू लागले की तसेच आढ्याला टांगायचे. कारले पिकून केशरी झाले, फुटून लाल गर दिसू लागला की बी राखेत चोळून सावलीत सुकवायचे. गाडग्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून त्यावर शेणामातीने तोंड लिंपायचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच ज्ञान मोडू दिले नाही. बायफ संस्थेच्या साथीने त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार जपले, वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाला. त्या सन्मानाचे कौतुक सर्वांनी केले, पण राहीबाईंचे काम पुढे नेणे म्हणजे आपल्या घरातही एक डबा ठेवणे, हे अजून अंगी मुरलेले नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने चवळी, गवार आणि वाल यांचे बी राखावे. ही पिके मुख्यतः आपल्याच परागांवर फळतात, त्यामुळे त्यांचा वाण सहसा बिघडत नाही. भेंडीत थोडी सरमिसळ होते. वेलभाज्यांत ती बरीच होते. म्हणून जवळपास एकाच जातीचा दुधी असेल तरच त्याचे बी धरावे. संकरित पाकिटातल्या बियाण्याच्या फळांतून बी राखले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. पाकीट घेतानाच सुधारित किंवा सरळ वाण मागावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी, राहुरीच्या विद्यापीठाची 'हिमांगी' काकडी आणि 'हिरकणी' कारले, दापोलीचा 'कोकण हरिता' दोडका आणि 'कोकण श्वेता' पडवळ हे सारे सरळ वाण महाराष्ट्राच्याच मातीत निवडलेले आहेत. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदाही शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा अधिकार देतो.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. दुधी किंवा काकडीचा छोटा तुकडा जिभेला कडू लागला तर ते फळ फेकून द्यावे. तो कडवटपणा विषारी द्रव्याचा असतो, शिजवूनही जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावलेली आहेत. अशा वेलाचे बी कधीही धरू नये.

राखलेले बी जिवंत आहे की नाही हे पाहायलाही दुकानात जावे लागत नाही. सोयाबीनच्या हंगामात कृषी विभाग गावोगाव गोणपाटावर शंभर दाण्यांची उगवण चाचणी करून दाखवतो. घरी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवले तरी भागते. बारा-तेरा उगवले तर वेलभाज्यांसाठी ते बी ठीक आहे. प्रमाणित बियाण्यालाही किमान साठ टक्के उगवणशक्तीचीच अट आहे.

या कामात सरकारनेही आपला वाटा उचलायला हवा. 'उमेद'च्या बचतगटांनी गावोगावी पोषण परसबागा उभ्या केल्या, प्रधानमंत्री पोषण योजनेतून शाळांच्या आवारातही त्या आल्या. हे चांगले झाले. या बागांना पावसाळ्याइतकेच महत्त्व माघातल्या पेरणीलाही मिळावे, आणि शाळेला सुट्टी लागल्यावर मे महिन्यातला ताबा शेजारच्या बचतगटाकडे द्यावा. भाजी त्यांची, बी शाळेचे. कृषी विद्यापीठांनी आपल्या सरळ वाणांची छोटी पाकिटे जानेवारीत काढावीत. एका कुटुंबाला दुधीचे दोन, कारल्याचे तीन वेल आणि भेंडीची पंचवीस झाडे पुरतात. त्याला शेतकऱ्याचे मोठे पाकीट परवडत नाही आणि लागतही नाही. बियाणे कंपन्या पाकिटावर उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख छापतात. त्याच्याच शेजारी कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ यांसाठी पेरणीचा महिना ठळक छापला जावा.

बी वाटायला जागाही तयार आहेत. पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, मुंबईत राणीच्या बागेतले महापालिकेचे प्रदर्शन बहुधा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. दोन्हीकडे हजारो माणसे नेमक्या पेरणीच्या आठवड्यांत येतात आणि पिटुनियाची रोपे घेऊन परततात. राहुरी आणि दापोलीच्या विद्यापीठांनी तिथे एकेक मेज मांडावे, दुधी-कारल्याच्या चार-चार बिया आणि पेरणीची तारीख लिहिलेला एक कागद प्रत्येकाला द्यावा, आणि ज्याच्याकडे घरचे बी असेल त्याच्याकडून ते बदल्यात घ्यावे.